विटेला विटेचा रंग

चौतीस वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवणाऱ्या माणसाला एक भ्रम होतो. त्याला वाटतं, आपला अर्ज कुणी परत पाठवणार नाही. व्यंकटराव पेडगावकरांना हा भ्रम होता. तहसील कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर त्यांची हयात गेली. "जोडपत्र क्रमांक चार कुठंय? नाही? मग सोमवारी या," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा उच्चारलं होतं की निवृत्तीच्या दिवशी हार घालताना शिपाई म्हणाला, "साहेब, आता सोमवारी येऊ नका बरं." सगळे हसले. व्यंकटराव हसले नाहीत. नियमाची थट्टा त्यांना कधी सोसली नाही.

तर अशा माणसाच्या दारावर नगरपालिकेची नोटीस डकवली गेली. "सदर इमारत धोकादायक असून तीस दिवसांत रिकामी करावी, अन्यथा पाडण्यात येईल." खाली सही होती. ती वाचता येत नव्हती. वाचता आली तर ती सरकारी सही कसली!

इमारत म्हणजे लाल मंझिल. परभणी जिल्ह्यातलं स्टेशनाचं गाव. नाव कशाला पाहिजे? नाव छापलं तर उद्या त्या नावावरही पट्टी बसवतील. पूर्णेकडं जाणारी गाडी सुटली की उजव्या हाताला ही तीन मजली इमारत दिसायची. निजामाच्या काळात रेल्वेच्या शेडसाठी भट्ट्या लावणाऱ्या एका ठेकेदारानं ती बांधली, दर मजल्याला चार अशी बारा बिऱ्हाडं काढली आणि गार्ड, ड्रायव्हर, तारबाबू यांना भाड्यानं दिली. पुढं त्याच्या वारसांनी ज्याची त्याला विकून टाकली. भिंतीला गिलावा नाही, रंग नाही. नुसती भाजलेली वीट, एक आडवी, एक उभी, एक आडवी, एक उभी, अशी वरपर्यंत. आणि दारावरच्या कमानीत प्रत्येक विटेवर भट्टीचा ठसा: उर्दूत ठेकेदाराचं नाव आणि खाली फसली सन १३४५. म्हणजे आपल्या हिशोबानं १९३५ च्या आसपासचा.

इमारतीत इतिहास घडला होता म्हणावं तर एकदाच. एक गार्ड जेवायला घरी आला, वांग्याची भाजी चांगली झाली होती, दुसरी वाढून घेतली, आणि मालगाडी त्याच्यावाचून पुढच्या स्टेशनापर्यंत निघून गेली. एवढ्यावर कुणी पाटी लावत नाही.

धोका काय होता, तर कठड्याच्या कोपऱ्यात वीतभर पिंपळ उगवला होता. नगरपालिकेचा इंजिनिअर हरिओम मोटारसायकलवरून जाताना त्याला तो दिसला. गाडी त्यानं उभीसुद्धा केली नाही.

"पिंपळाचं म्हणाल तर नगरपालिकेच्या गच्चीवर दोन हायत," दुसऱ्या मजल्यावरचा सिद्धोधन म्हणाला. हा रेल्वेत ट्रॅकमन. उभा जन्म रुळाखालची खडी ठोकण्यात चाललेला, त्यामुळं काय टिकतं नि काय ढासळतं हे त्याला हात लावून कळायचं. "आन् त्यातल्या एकाला तर पार बांधायलेत."

व्यंकटरावांना दुसरं घर नव्हतं. अडतीस वर्षं ते पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि एका गॅलरीत राहत होते. मुलगा केयूर पुण्याला. फोनवर म्हणाला, "बाबा, या ना इकडं. फक्त सामान आणू नका." मागून सून ईश्वरीचा आवाज आला, "कुंड्या तर नकोतच म्हणावं, बाल्कनीत वॉशिंग मशीन आहे." पत्नी हेमाबाईंनी फोन हातातून घेतला, "बरं हं बाळा," म्हणाल्या आणि ठेवून दिला. मग नवऱ्याकडं बघून त्यांनी एवढंच सांगितलं.

"मी या गॅलरीतून हलणार नाही. तुम्ही एवढे कागदाचे राजे ना? मग काढा कागद."

झालं. युद्ध पुकारलं गेलं.

जिन्याखाली सभा भरली. प्रत्येकाजवळ सल्ला होता. आपल्याकडं माणसाजवळ मीठ नसेल, पण सल्ला असतो. तळमजल्यावरच्या कस्तुराबाई, मिरची कांडायची गिरणी चालवणाऱ्या, वयानं सगळ्यांत मोठ्या, म्हणाल्या, "दारात एक धोंडा मांडा. शेंदूर फासा. देऊळ झालं की कुणाचा बाप हात लावत न्हाई."

"मग पुजारी तुमालाच भाईर काढंल, मावशी," सिद्धोधन म्हणाला. "गिरणीचा ठसका देवाला सोसंल का?"

"तू गप रे. देवाला न्हाई, तुलाच सोसंना."

खरी वाट दाखवली ती बसवंतरावांनी. हे व्यंकटरावांचे शेजारी, स्टेशन रोडवर किराणा दुकान, कपाळाला विभूती, बोलणं मोजूनमापून. पुडी बांधता बांधता रद्दीतल्या पेपरात त्यांनी वाचलं होतं, की जुन्या इमारतीला सरकारनं वारसा ठरवलं तर ती पाडता येत नाही.

"पुढं काय लिहिलंय?" व्यंकटरावांनी विचारलं.

"पुढचा अर्धा कागद जिऱ्याबरोबर गिऱ्हाइकाकडं गेला की वो."

अटी त्या अर्ध्या कागदावर होत्या, हे नंतर कळलं.

व्यंकटराव हरिओमकडं गेले. हरिओम माणूस वाईट नव्हता. खुर्ची त्याला वाईट मिळाली होती. "काका, वारसा म्हणून मंजुरी आणा, आमी इटीला बोट लावत नाही," तो म्हणाला. "पण तीस दिवसांत. नंतर मला वरून फोन येतो." वर कोण राहतो हे त्यानं सांगितलं नाही. ती जागा स्टेशनसमोरची, मोक्याची, हे मात्र गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

वारशाचं ऑफिस विभागाच्या गावी. पहाटेच्या गाडीनं व्यंकटराव पोचले. टेबलामागं एक चष्मेवाला बसला होता.

"काय आहे? देऊळ? चारठाण्यासारखं काही?"

"नाही. इमारत आहे. विटांची."

"पडकी आहे ना?"

"नाही हो, चांगली आहे. लोक राहतात."

चष्मेवाल्यानं दयेनं पाहिलं. "लोक राहतात? मग अवघड आहे."

यात त्याचं काही चुकलं नाही. या देशात माणूस जिथं मेला ती जागा वारसा असते. जिथं माणूस जगतोय ती फक्त अडचण.

अर्जाचा नमुना मिळाला. वास्तूचा प्रकार: मंदिर, किल्ला, बारव, समाधी, इतर. व्यंकटरावांनी 'इतर'वर खूण केली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना 'इतर' असण्याचं दुःख कळलं. रकाना नऊ: "वास्तूत कोणी राहते काय? राहत असल्यास सदर अतिक्रमण काढल्याचा दाखला जोडावा." अडतीस वर्षं ज्या घरात राहिलो, तिथं आपण अतिक्रमण! पण खोटं लिहायची सवय नव्हती, म्हणून त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: "राहतात. परंतु शांततेने राहतात."

चष्मेवाल्यानं अर्ज उलटापालटा केला.

"जोडपत्र क्रमांक चार कुठंय?"

व्यंकटरावांच्या कानात कुणीतरी शिसं ओतल्यासारखं झालं.

"नाही? मग सोमवारी या."

तोच सूर. तीच मान वळवणं. पुढच्या माणसाकडं हात करण्याची तीच लकब. चौतीस वर्षं आपण दुसऱ्यांना हा चेहरा दाखवत होतो, हे व्यंकटरावांना त्या क्षणी कळलं. कळून उपयोग काय? रांगेतल्या मागच्यानं ढकललं, "काका, सरका की."

जोडपत्र चार म्हणजे इमारतीच्या वयाचा पुरावा. जुना दस्त निघाला, पण उर्दूत. गावात तो वाचणारे एकच गुरुजी राहिलेले, आणि त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन चार दिवसांपूर्वी झालेलं. हिरवी पट्टी उचलून एका डोळ्यानं त्यांनी दस्त वाचला, रोज पाच ओळी. वाचता वाचता रडले. आधी व्यंकटरावांना वाटलं, डोळ्याला त्रास होतोय. गुरुजी म्हणाले, "त्रास कसला? काय अक्षर आहे हो! बांधणाऱ्यानं लिहून ठेवलंय, इमारत शंभर वर्षं उभी राहिली नाही तर माझ्या कबरीवर वीट लावू नका."

तीन सोमवार गेले. पण शेवटी अर्ज घेतला गेला, फोटोसकट, आणि एकोणिसाव्या दिवशी पत्र आलं. तज्ज्ञ मॅडम पाहणीला येणार. चोविसाव्या दिवशी. सोबत ओळ होती: "दर्शनी भागावरील वीटकाम व ठसे सुस्पष्ट दिसतील अशी व्यवस्था ठेवावी."

आता इथं वाचकानं एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या जिल्ह्यात साहेबाचा दौरा म्हणजे काय असतं? रस्त्याकडेच्या दगडांना चुना, झाडांच्या बुंध्यांना आधी गेरू मग चुना. कलेक्टर येणार म्हटलं की व्यंकटरावांच्या हाताखाली एकेका दिवसात चारशे झाडं रंगली होती. एकदा तर घाईत बुंध्याशी बसलेल्या म्हशीच्या पाठीवरही पट्टा ओढला गेला होता. हे त्यांच्या रक्तात होतं. 'दौरा' हा शब्द वाचला की त्यांच्या हाताला ब्रशाची सुरसुरी यायची.

त्यांनी जिन्याखाली जाहीर केलं, "दर्शनी भाग गेरूनं रंगवायचा. विटांच्या फटींवर चुन्याच्या रेषा मारायच्या. सुस्पष्ट."

"काका," सिद्धोधन म्हणाला, "इटीला इटीचा रंग कशाला द्यायलाव?"

"दौरा आहे, सिद्धोधन."

"आवो पण ती लालच हाय की."

"दौरा आहे म्हणतो ना!"

सिद्धोधननं हात वर केले. "मी बारा वर्षं रूळ बघायलोय, काका. रुळाला कुणी रुळाचा रंग दिलेला मी पाह्यला न्हाई. पण तुमी शिकलेले." आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्या इमारतीत डोकं फक्त त्याचं चालत होतं. पण ट्रॅकमनचं कोण ऐकतो? ऐकलं असतं तर ही गोष्ट लिहावी लागली नसती.

उलट बाकीच्यांना चेव चढला. हेमाबाई म्हणाल्या, "गेरू अंगाला लागतो. गॅलरीतल्या वाळवणाला डाग पडतील." बसवंतरावांनी लगेच दुकानातून सुतारांना विकायचा सरस आणून गेरूत कालवला. "आता पोरांची पोरं आली तरी निघणार न्हाई," ते अभिमानानं म्हणाले. हे वाक्य पुढं अक्षरशः खरं ठरलं.

रंगवायला नंबरप्लेटा रंगवणारा पेंटर आणला. त्यानं दोन दिवसांत इमारत अशी लाल केली की स्टेशनात शिरणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं म्हणे ब्रेकवर हात नेला. मग चुन्याच्या रेषा. खालची वीट एक आडवी, एक उभी होती. पेंटरला ते खटकलं. "ही गवंड्याची गडबड झालेली दिसायलीय," म्हणून त्यानं पट्टी लावून सगळ्या विटा एकसारख्या आखल्या. म्हणजे आता खरी फट एकीकडं आणि चुन्याची रेघ भलतीकडं. राहिले ठसे. उर्दू त्याला येत नव्हती. त्यानं ठसे गेरूनं बुजवले आणि प्रत्येक विटेवर पिवळ्या ऑइलपेंटनं मराठीत ठसठशीत '१३४५' काढलं. कमानीखाली, आपल्या मनानं, फुकटात, 'सुस्वागतम्' लिहिलं आणि दोन्ही बाजूंना दोन मोर काढले.

व्यंकटराव रस्त्यापलीकडं जाऊन उभे राहिले. डोळे भरून आले. "सुस्पष्ट," ते पुटपुटले.

चोविसाव्या दिवशी उत्तरा मॅडम आल्या. साधी सुती साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत मऊ ब्रश, छोटी हातोडी आणि भिंग. रिक्षातून उतरल्या आणि अर्जासोबतचा फोटो हातात धरून इकडंतिकडं पाहू लागल्या. व्यंकटराव नारळ-शालीसह पुढं झाले.

"नमस्कार. ती इमारत कुठंय?" मॅडमनी विचारलं.

"हीच की."

मॅडमनी फोटोकडं पाहिलं. मोराकडं पाहिलं. परत फोटोकडं पाहिलं. मग जे झालं ते व्यंकटरावांच्या आयुष्यात कुठल्याही दौऱ्यावर झालं नव्हतं. साहेब फुटपाथवर बसले. नुसते टेकले नाहीत, डोकं धरून बसले.

"काका," त्या म्हणाल्या, "मी फोटो पाहिला आणि तीन रात्री मला झोप आली नाही. ही एक आडवी, एक उभी वीट, तीन मजले, ठशासकट, आपल्या भागात मी दुसरीकडं पाहिली नाही. मी मंजुरीची टिपणी अर्धी लिहूनच आणली होती." त्यांनी पिशवीतून कागद काढून दाखवला. खरंच अर्धी लिहिली होती.

"मॅडम, खाली तीच वीट आहे. आत्ता दाखवतो!" व्यंकटरावांनी धोतराच्या सोग्यानं भिंत पुसली. मग नखानं खरवडली. कस्तुराबाईंनी आतून पाण्याची बादली आणून भिंतीवर मारली. बसवंतराव नारळाची शेंडी घेऊन घासायला लागले. सरस उत्तम प्रतीचा होता. मोराचं पीस हललं नाही.

"पत्रा घिऊन खरडू का?" सिद्धोधननं विचारलं.

"नको हो! ठसे जातील," मॅडम किंचाळल्याच. "हा रंग काढायला माणसं लागतील, औषधं लागतील, सहा महिने लागतील. तुमची मुदत किती?"

"सहा दिवस," हेमाबाई गॅलरीतून म्हणाल्या. तेवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

मॅडम निघताना व्यंकटरावांना म्हणाल्या, "मी जे पाहिलं तेच लिहू शकते. पाहायला मिळालंच नाही ते कसं लिहू?" शाल त्यांनी घेतली नाही. नारळही नाही.

एकोणतिसाव्या दिवशी अहवाल आला. मॅडमचं एकच वाक्य होतं: "दर्शनी भागावर विटांचा आभास निर्माण करणारे ताजे रंगकाम असून मूळ वीटकाम पाहता आले नाही." त्याखाली ऑफिसानं आपली भर घातली होती. आणि ती 'सबब'नं सुरू होत होती. व्यंकटरावांनी आयुष्यभर 'सबब' लिहिला होता. 'सबब'च्या अलीकडं माणूस असतो, पलीकडं निकाल. "सबब, इमारत अलीकडील काळातील असल्याचे दिसून येते. वारसा मूल्य: निरंक."

हेमाबाईंनी ट्रंक काढायला घेतली. पण व्यंकटराव ताडकन उठले. त्यांच्यातला आवक-जावक कारकून जागा झाला होता.

"अगं, थांब! अलीकडील काळातील! सरकारच म्हणतंय, इमारत नवी आहे. नवी आहे तर धोकादायक कशी? त्यांच्याच कागदानं त्यांची नोटीस रद्द होते!"

हेमाबाईंच्या हातातली ट्रंकेची कडी तशीच राहिली. अडतीस वर्षांत त्यांनी नवऱ्याकडं इतक्या आशेनं बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं.

व्यंकटराव अनवाणीच नगरपालिकेत गेले. हरिओमनं अहवाल दोनदा वाचला. त्याचा चेहरा उजळला. व्यंकटरावांचाही उजळला.

"बरोबर आहे काका. नव्या इमारतीला धोकादायक म्हणता येत नाही. ती नोटीस मी आत्ता रद्द करतो." त्यानं खरंच केली. शिक्का मारला. मग पेन टेकवून म्हणाला, "आता या नव्या इमारतीची बांधकाम परवानगी दाखवा."

"परवानगी? अहो, निजामाच्या काळात..."

"निजामाच्या काळातली नाही ना ती. तुमचाच कागद म्हणतोय." हरिओमचा आवाज खाली आला. टेबलावरचा फोन वाजत होता, वरून. "विनापरवाना बांधकाम झालं, काका. याला तीस दिवस नसतात. याला तीन."

चौथ्या दिवशी सकाळी दहाला जेसीबी आला. बारा बिऱ्हाडांचं सामान रस्त्यावर: कस्तुराबाईंची गिरणी, बसवंतरावांचं देवघर, सिद्धोधनची सायकल, हेमाबाईंच्या कुंड्या. पुण्याला न्यायच्या दोन बॅगा वेगळ्या.

जेसीबीनं कमानीवर दात लावला. दात घसरला. परत लावला. इंजिन कण्हलं, काळा धूर निघाला, 'सुस्वागतम्'वर एक ओरखडा उमटला. दुपारपर्यंत कठड्याच्या चार विटा आणि तो पिंपळ, एवढं पडलं. दुसऱ्या दिवशी एक दात तुटला. परभणीहून मोठं मशीन मागवलं. तिसऱ्या दिवशी त्या मोठ्या मशीनचा ऑपरेटर खाली उतरला, घाम पुसला आणि विचारू लागला, "कुणी बांधली वो ही? आयला, डोंगर बरा."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरची भिंत गेली. एक वीट घरंगळत व्यंकटरावांच्या पायाशी येऊन थांबली. एका बाजूला गेरू, सरस, पिवळा १३४५. दुसऱ्या बाजूनं फुटून निघालेली: लालबुंद, कोरी, नुकतीच भट्टीतून काढल्यासारखी.

हरिओम शेजारी येऊन उभा राहिला. तो पण तीन दिवस उन्हात होता.

"काय सांगू काका," तो हळूच म्हणाला, "लय मजबूत होती हो. अजून शंभर वर्षं हलली नसती."

व्यंकटरावांनी सदऱ्याच्या खिशातून पेन काढलं. पिशवीतून कोरा कागद काढला, चार घड्या उलगडल्या, आणि पायाशी पडलेली ती वीट उचलून कागदाखाली धरली, लिहिताना टेकू हवा म्हणून.

"एवढं," ते म्हणाले, "लेखी देता का?"

हरिओमनं इकडंतिकडं पाहिलं. मग घड्याळाकडं. शुक्रवारचे सहा वाजले होते.

"सोमवारी या," तो म्हणाला.